नुपूरचं सुरेख मराठी

१

हे कुणालाही सांगायचं नाही, असं आमच्या घरात ठरलं आहे. ठरलं म्हणजे आईबाबांनी ठरवलं आणि मी मान हलवली. मी मान हलवली की लोकांना तो होकार वाटतो. खरं म्हणजे ती फक्त बोलणं संपवायची माझी पद्धत आहे.

"दोहा केवढंसं," आई म्हणाली. "आज एका मैत्रिणीला सांगशील, शुक्रवारपर्यंत सगळ्या मराठी मंडळाला कळेल. लोक नुपूरकडे कसे बघतील याचा विचार केलास?"

केला. म्हणूनच लिहिते आहे.

मी अनुजा, अकरावीत आहे. आम्ही दोह्यातल्या अल सद्दमध्ये राहतो. नुपूर माझी धाकटी बहीण, चौथीत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. आई म्हणते, "जेवायला चल," नुपूर म्हणते, "टू मिनिट्स," आणि दोघींना आपण एकाच भाषेत बोलतोय असं वाटतं. इथल्या बहुतेक घरांत असंच चालतं. मी एकटीच उलटी निघाले. मला मराठी येतं, वाचायला आवडतं, फक्त चारचौघांत तोंड उघडत नाही.

सुरुवात कैवल्यच्या सिनेमापासून झाली. सिनेमा वाईट होता. हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढे उगाच काही अपेक्षा ठेवणार नाही.

२

कैवल्य माझ्याच वर्गात आहे. मंडळाच्या लघुपट स्पर्धेसाठी त्यानं भुताचा सिनेमा करायचं ठरवलं. गोष्ट अशी : शाळेतली चार मुलं प्रोजेक्टसाठी एका रिकाम्या व्हिलात जातात. तिथल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बाहेरच्या खोलीत, काहीतरी दुष्ट राहत असतं. ते एकेकाला नावानं हाक मारतं. जो ओ देतो, तो गायब होतो. बस्स. ते दुष्ट कोण, कुठून आलं, हे कैवल्यलाही माहीत नव्हतं.

"सिक्वेलमध्ये सांगू," तो म्हणाला. "आधी हा हिट होऊ दे. एशियन टाउनच्या थिएटरात लावतो की नाही बघ."

अल गराफातल्या त्याच्या घराला मोठी मजलिस आहे, तिथंच शूटिंग झालं. भुताच्या अंगावर नवी कोरी चादर होती आणि तिच्या घड्या शेवटपर्यंत मोडल्या नाहीत. रक्त केचपचं होतं. नायिका होती सुमैया, माझी मैत्रीण. ती केरळची, मराठीचा एक शब्द तिला येत नाही. पण बाकीच्या तिघांनाही मराठी फारसं येत नव्हतं. कैवल्य स्वतः "भूत आली" म्हणायचा. म्हणून सगळे इंग्रजीत बोलले, आणि शूटिंग झाल्यावर कुणीतरी नियम वाचला : सिनेमा मराठीतच हवा.

"अनु, तू डब कर ना," कैवल्य म्हणाला. "तुझं मराठी एकदम पुस्तकातलं आहे. पोरांचे आवाज मी करतो, पोरी तू कर. आणि ते भूतपण तूच कर."

"भूत पण मी?"

"मी तुझा आवाज जाड करतो. कुणाला कळणारपण नाही. यल्ला, चल, हो म्हण!"

मी मान हलवली. त्या वेळी तो खरंच होकार होता.

३

आमच्या स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली आहे. घरकाम करणाऱ्या बाईनं राहावं म्हणून बांधलेली, बिनखिडकीची. आमच्याकडे कुणी राहत नाही, म्हणून तिथं बॅगा असतात. दर सुट्टीला भारतात जाताना न्यायच्या मोठ्या बॅगा, एकावर एक छतापर्यंत रचलेल्या. वर गोधड्या, रजया, तांदळाचं पोतं. आई तिला बॅगांची खोली म्हणते.

दोह्यात शांतता म्हणजे एसीचा आवाज. तो इतका कायम असतो की आपण ऐकायचं सोडून देतो. बॅगांच्या खोलीत एसीचं तोंड नाही. दार लावलं की तो आवाजही बंद होतो. डबिंगसाठी याहून चांगली जागा नव्हती. खाली गोधडी घातली, लॅपटॉप उघडला, फोन तोंडाशी धरला.

डबिंग करताना मला एक गोष्ट कळली. माणसाच्या चेहऱ्याकडे नाही, ओठांकडे बघायचं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. इंग्रजीतही मिटतात. सुमैयाचे ओठ जिथं मिटतील तिथं माझ्या वाक्यात ओठ मिटणारं अक्षर आलं पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं, काय चुकतंय ते कळत नाही. ती "प्लीज" म्हणाली की मी "पण" म्हणायचे. मला हे काम आवडायला लागलं. बसमध्ये, वर्गात, जेवताना मी लोकांचे ओठ बघू लागले.

भुताच्या हाका सगळ्यात शेवटी केल्या. चार पात्रं, चार नावं. मी आयुष्यात कुणाला एवढ्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. हाक बॅगांमध्ये शिरायची आणि तिथंच राहायची, परत यायची नाही. छान वाटत होतं. शेवटचं नाव घेतल्यावर मी फोन बंद करायचं विसरून थोडी थांबले. कशासाठी थांबले, ते मला अजून सांगता येत नाही.

४

सिनेमा मंडळाच्या हॉलमध्ये दाखवला. लोक पहिल्या पाच मिनिटांतच हसू लागले. ट्यूबलाइट फडफडते त्या दृश्यात बटण दाबणारं बोट दिसत होतं. मागच्या रांगेतले एक काका "भूत इस्त्री करून घ्या रे!" असं ओरडले. कैवल्यचे बाबा मान खाली घालून बसले होते. मी खुर्चीत शक्य तितकी लहान झाले होते. नुपूर माझ्या शेजारी होती, पाय हलवत पॉपकॉर्न खात.

मग हाका आल्या. माझा आवाज जाड केलेला, तरी माझाच. एक नाव, दुसरं, तिसरं, चौथं. पडद्यावर सुमैया डोळे मोठे करून उभी.

आणि पाचवी हाक आली. "नुपूर."

ती जाड नव्हती.

"ओ!" नुपूर म्हणाली.

सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी तेवढ्याच पडल्या.

बाहेर चहाच्या टेबलाशी मी कैवल्यला गाठलं. "नुपूरचं नाव का घातलंस?"

"मी कशाला घालू? तूच पाठवलेल्या फाइलमध्ये होतं. शेवटी. मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलंयस. भारी वाटलं म्हणून राहू दिलं." मग त्याचा चेहरा पडला. "अनु, एवढा वाईट झालाय का गं?"

मी विचार केला. रेकॉर्डिंग करताना पाणी आण म्हणून मी नुपूरला हाक मारली असेल. फोन चालूच होता. साधी गोष्ट आहे, हेच झालं असणार. फक्त एक होतं. हाक मारली की नुपूर नेहमी "व्हॉट?" म्हणते. "ओ" तिनं त्याआधी कधी दिली नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नुपूर आईला म्हणाली, "आई, आज डब्यात काय दिलं आहेस?"

आईच्या हातातला चमचा थांबला. "काय म्हणालीस?"

"डब्यात काय आहे, असं विचारते आहे."

आईनं बाबांना आंघोळीतून बोलावलं. नुपूरनं दोघांसमोर आणखी दोन वाक्यं बोलून दाखवली. आवाज स्वच्छ, गोड, शब्दन् शब्द सुटा. बाबा टॉवेल गुंडाळून तिथंच हसत उभे.

"सिनेमाचा एवढा तरी फायदा झाला," ते म्हणाले. "नाशिकला व्हिडिओ कॉल लावा रे कुणीतरी!"

ते दिवस आमच्या घरी सणासारखे होते. नातेवाइकांना फोन झाले. मंडळातल्या काकू येऊन नुपूरच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात तिनं भाषण करायचं, असंही ठरलं. आई नव्या मायेनं तिच्याकडे बघायची. मलाही आनंद व्हायला हवा होता.

पण मला ओठ बघायची सवय लागली होती.

नुपूर "मला भूक लागली आहे" म्हणाली. यात म आहे, भ आहे. तिचे ओठ तिथं मिटलेच नाहीत. ते वेगळ्याच ठिकाणी मिटले, वाक्य संपल्यावर.

मी स्वतःला समजावलं. अभ्यास जास्त झाला, डोळे थकलेत. खात्री करायला टीव्हीवरच्या बातम्या बघितल्या. बाईचे ओठ बरोबर होते. आईचे बरोबर. बाबांचे मिशीमुळे नीट दिसत नाहीत, पण तेही बरोबर. फक्त नुपूर. ती थेट सुमैयासारखी दिसत होती. इंग्रजीत बोललेली आणि वरून मराठी चढवलेली.

मग एका सकाळी ती दूध पीत होती. पेला तोंडाला होता, घोट घेताना गळा हलत होता. "आई, थोडी साखर घाल ना," असं ऐकू आलं. त्यानंतर तिनं पेला खाली ठेवला.

आई साखर घेऊन आली.

"आई, ती पिता पिता बोलली."

"मग? लहान मुलं बोलतात."

"तोंड बंद होतं तिचं."

आईनं डबा ओट्यावर ठेवला. "अनुजा, मी बघते आहे. आजवर घरात मराठीसाठी तुझं एकटीचं कौतुक व्हायचं. आता तिचंही होतं. एवढंसं मन नको करूस."

मी मान हलवली. नुपूर माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे हसत नव्हते.

६

एके दिवशी फार धूळ होती. शाळेची बस हळूहळू आली. घरात पडदे लावलेले असूनही खोली नारिंगी दिसत होती. बाबा ऑफिसात, आई खालच्या दुकानात गेलेली. मी बूट काढत होते, नुपूर माझ्या पुढे आत गेली होती.

स्वयंपाकघरातून गप्पांचा आवाज आला.

"आज शाळेत काय केलंस?"

"चित्र काढलं. नंतर गाणं होतं."

"छान. आणखी सांग."

एका खोलीत दोघी बहिणी गप्पा मारत होत्या. त्यातली एक मी होते.

मी इकडे बुटाची नाडी हातात धरून बसले होते आणि माझा आवाज बॅगांच्या खोलीतून येत होता. जाड न केलेला, मोकळा, खळखळून हसणारा. माझं हसणं तसं नाही. मी तशी हसू शकले असते तर कशी वाटले असते, ते मात्र मला त्या क्षणी कळलं.

रेकॉर्डिंग, मी मनात म्हटलं. नुपूर फोनवर काहीतरी लावून बसली आहे. मग आठवलं, फोन माझ्या खिशात आहे.

मी दार ढकललं. बल्ब लागलेला होता. नुपूर गोधडीवर बसली होती, दप्तर अजून पाठीला. समोर लॅपटॉप नव्हता, काहीच नव्हतं, फक्त बॅगा. ती माझ्याकडे वळली. तिचे ओठ भराभर हलत होते आणि त्यांतून कणभरही आवाज येत नव्हता.

आवाज तिच्या मागून आला. तिचाच. गोड.

"ताई, ये ना. इथं किती छान गार आहे."

या वाक्यात ओठ मिटणारं एकही अक्षर नाही. नुपूरचे ओठ मिटत होते. पुन्हा पुन्हा, एकाच ठिकाणी. मी गुडघ्यांवर बसले, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सुमैयाचे ओठ वाचायचे तसे तिचे वाचले.

दॅट्स नॉट मी. ताई, दॅट्स नॉट मी.

किती दिवस ती हे म्हणत होती कुणास ठाऊक. जेवताना, डबा घेताना, नाशिकच्या व्हिडिओ कॉलवर, सगळे टाळ्या वाजवत असताना.

मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. मी तिच्या ओठांवर नजर ठेवली आणि तिच्याबरोबर बोलायला लागले. मोठ्यानं, अगदी जुळवून. "दॅट्स नॉट मी! दॅट्स नॉट मी!" माझा आवाज फाटत होता, घोगरा, कुरूप. तो माझा होता.

"अनुजा," बॅगांतून माझाच सुंदर आवाज म्हणाला, "तुला असं बोलता येईल. सगळ्यांसमोर. तू फक्त ओ दे."

मी वर बघितलं. बघायला नको होतं. दोन मोठ्या बॅगांच्या मध्ये बोटभर फट आहे, नेहमीचीच. आवाज तेच पुन्हा म्हणत होता आणि ती रुंदावत होती, मिटत होती. "येईल"ला उघडी, "समोर"च्या म ला बंद, "फक्त"च्या फ ला जेमतेम टेकलेली. कुठंही मागेपुढे नाही. एवढं अचूक मी डबिंगमध्ये कधी साधलं नव्हतं.

"नाही देणार," मी म्हणाले. आणि नुपूरकडे वळून पुन्हा तिच्या ओठांवर नजर ठेवली. ती म्हणेल ते मी म्हणत गेले. तिचे शब्द, माझा आवाज. मागून दोन्ही गोड आवाज एकदम बोलू लागले, मी त्यांच्यावर ओरडले. मी, जी वर्गात हजेरीसुद्धा हळू देते. आणि मग एका शब्दाला माझ्या आवाजाखाली आणखी एक आवाज आला. खरखरीत, वाळूसारखा.

"वॉटर," नुपूर म्हणाली.

ओठ आणि आवाज एकदम. मी तिला उचललं आणि बाहेर आणलं.

७

डॉक्टर म्हणाले, घसा बसला आहे, बोलायला लावू नका. नुपूर आता थोडंच बोलते, घोगरं, आणि इंग्रजीत. "ताई, सिट हिअर." "ताई, डोन्ट गो." प्रत्येक म, प्रत्येक प जागच्या जागी. मला दुसरं काही नको.

आईला हवं आहे. तिचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. इतकी वर्षं तिनं जे मागितलं ते तिला मिळालं होतं, आणि तिला वाटतं, मी ते घालवलं. मी नुपूरला कोंडून घाबरवलं, असं आई समजते. मी सगळं सांगितलं तेव्हा बाबा चष्मा पुसत म्हणाले, "हे घराबाहेर जाता कामा नये." फटीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

आता भाषण जवळ आलं आहे. काल आई म्हणाली, "तिला पुन्हा त्या खोलीत बसवून बघू या. तिथं शांत असतं. तिथंच तुझं डबिंग ऐकत ती शिकली होती."

मी मान हलवली नाही. "नाही," म्हणाले. आईला ऐकू गेलं, बाबांनाही, कदाचित शेजाऱ्यांनाही. मग मी त्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याजवळ ठेवली. माझ्यावर रागवा, माझं सगळं बंद करा. किल्ली मिळणार नाही. आणि हे मी लिहून सगळ्यांना वाचायला देणार आहे, कारण कैवल्य सिक्वेल लिहितो आहे आणि त्याला भुताच्या आवाजासाठी लहान मुलगी हवी आहे. काल शाळेत मी त्याला नाही म्हटलं, सगळ्या वर्गासमोर. तो म्हणाला, "रिलॅक्स, सिनेमा आहे." मी म्हटलं, "तुझा सिनेमा भिकार आहे. त्यात फक्त हाका खऱ्या आहेत." कुणीच हसलं नाही.

आत्ता संध्याकाळ आहे. नुपूर माझ्यासमोर बसून गणित करते आहे. तिच्या तोंडात पेन्सिल आहे.

स्वयंपाकघराकडून हाक आली, "आई, जरा इकडे ये ना." स्वच्छ, गोड, शब्दन् शब्द सुटा.

नुपूरनं पेन्सिल काढली आणि माझा हात घट्ट धरला. तिलाही ऐकू आलं आहे.

आई आतल्या खोलीतून धावत गेली. मी तिची पावलं ऐकली, आणि तिचा आनंदानं भरून आलेला श्वास. आता ती कुलूप हलवते आहे. अजून तिनं ओ दिलेली नाही. मला वेळ आहे.

"अनुजा!" आई हाक मारते आहे. "अनुजा, किल्ली आण!"

आवाज आईचाच आहे. पण आवाजावर मी आता विश्वास ठेवत नाही. मी उठते आहे, नुपूरला बरोबर घेऊन. किल्ली नेणार नाही. मी त्या दारासमोर उभी राहणार आहे, आणि तिथं जे कुणी उभं असेल त्याच्या सगळ्यात आधी ओठांकडे बघणार आहे.